कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

पाथर्डी तालुक्यातल्या एका आरोग्य शिबिरातली ही गोष्ट. नुकत्याच ऊसतोडीहून परतलेल्या, चाळिशीच्या एका बाईच्या हातात तपासणीनंतरची चिठ्ठी होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ती माझ्यापुढे धरली. चिठ्ठीत लिहिलं होतं : तेल-तूप कमी करा, रोज अर्धा तास चाला, आणि खाली 'अँटिऑक्सिडंट' म्हणून एका कॅप्सूलचं नाव. मी वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "ताई, चालाया कुठं जाऊ? अन् तेल अजून किती कमी करू? सात माणसांत महिन्याचं दोन किलो येतंय."

तिच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणून हा लेख लिहिते आहे. कारण त्या तिन्ही सूचना, म्हणजे तेल, व्यायाम आणि गोळी, एकाच शास्त्रातून आल्या आहेत. ते शास्त्र खोटं नाही. पण ते कोणाच्या शरीरावर तपासलं गेलं आणि कोणाच्या अंगावर टाकलं जातं, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. आणि हे शास्त्र समजायला कठीण आहे असंही नाही. आपल्या जिल्ह्यातच, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतचं ज्ञान त्या बायकांनी पेललं. तेव्हा हेही आपण पेलू.

खवट होण्याचं शास्त्र

शेंगदाण्याचा कूट फार दिवस राहिला की खवट होतो. जवसाची चटणी तर आठ-पंधरा दिवसांतच वास मारू लागते, म्हणून आपण ती थोडी-थोडी करतो. आख्खं जवस मात्र वर्षभर टिकतं. असं का होतं? हवेतला ऑक्सिजन तेलातल्या स्निग्धाम्लांवर हल्ला करतो. आख्ख्या दाण्याचं टरफल हवेला आत येऊ देत नाही. दाणा कुटला की तेल उघडं पडतं.

आपल्या शरीरातही हेच चालतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं आणि आपण जी तेलं खातो त्यांचा अंश त्या आवरणात जाऊन बसतो. आपण श्वास घेतो, अन्न जाळून शक्ती काढतो, तेव्हा ऑक्सिजनपासून काही उपद्रवी कण तयार होतात. त्यांना 'फ्री रॅडिकल' म्हणतात. हे कण पेशीच्या आवरणावर तुटून पडतात. एक रेणू खवट झाला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि अशी साखळी सुरू होते. चुलीचा धूर, मिसरी-तंबाखू, जंतुसंसर्ग, पुन:पुन्हा तापवलेलं तेल यांमुळे या उपद्रवात भर पडते.

शरीर मात्र गप्प बसत नाही. त्याची स्वत:ची राखण असते. तिलाच अँटिऑक्सिडंट संरक्षण म्हणतात. या राखणीत दोन प्रकारचे राखणदार असतात. एक, शरीराने स्वत: बनवलेली विकरं : सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. नावं अवघड आहेत, पण ती कशाची बनतात ते पाहा : प्रथिनं, आणि जोडीला तांबं, जस्त, मँगनीज, लोह, सेलेनियम. म्हणजे डाळ-उसळ, भाकरी, पालेभाजी, अंडं. दुसरे राखणदार अन्नातून थेट येतात. तेलबियांमधलं ई जीवनसत्त्व पेशीच्या आवरणातच बसून ती खवटपणाची साखळी तोडतं. आवळा, लिंबू, पेरू, शेवग्याचा पाला यांतलं क जीवनसत्त्व थकलेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा उभं करतं. एकीने दुसरीला हात द्यावा, तसं हे काम चालतं. त्यातली एक कमी पडली की दुसरीवर ताण येतो.

कुठलं तेल

आता तेलाकडे येऊ. सगळी तेलं सारखी नसतात. करडईच्या आणि खुरासणीच्या तेलात लिनोलिक आम्ल फार, सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त. जवसात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल. ही दोन्ही आम्लं शरीर स्वत: बनवू शकत नाही, अन्नातूनच मिळावी लागतात. पण हीच आम्लं लवकर खवट होतात, म्हणून ती जितकी जास्त खाल्ली जातील तितकं ई जीवनसत्त्वही जास्त लागतं. करडईच्या बीमध्ये ते भरपूर असतं. शेंगदाण्याच्या तेलात ओलिक आम्ल जास्त, म्हणून ते त्यामानाने टिकाऊ. पामतेल जवळजवळ निम्मं संपृक्त, म्हणून तळणाला टिकतं, पण अत्यावश्यक लिनोलिक आम्ल त्यात दहा टक्क्यांच्या आसपासच. पामतेल विष नव्हे. पण घरात दुसरं तेलच नसेल, ताटात शेंगदाणा-तीळ-जवस नसेल, तर नुसत्या पामतेलावर शरीराची गरज भागत नाही.

तेल शुद्ध करण्याच्या कारखानदारी प्रक्रियेत वास आणि रंग काढला जातो. त्याबरोबर ई जीवनसत्त्वाचाही काही भाग निघून जातो. कच्च्या पामतेलाचा लाल रंग ज्या कॅरोटिनमुळे असतो तेही जातं. आणि गंमत अशी की, सोयाबीनसारख्या तेलांचा वास काढताना जो अर्क बाजूला निघतो, त्याच अर्कातून 'नैसर्गिक' ई जीवनसत्त्व वेगळं करून कॅप्सूलमध्ये भरतात. एकाच बीमधून निघालेल्या दोन वस्तू आपण दोन दुकानांतून, दोनदा पैसे मोजून घेतो.

म्हणजे लगेच सगळ्यांनी घाण्याचं तेलच घ्या, असं मी म्हणणार नाही. ते महाग आहे. ते लवकर खराब होतं. बुरशी आलेल्या शेंगदाण्याचं असेल तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे विषही उतरतं. स्वच्छ, वाळलेला, निवडलेला दाणा असेल तरच घाण्याच्या तेलाला अर्थ आहे. त्यापेक्षा साधा मार्ग आपल्या आया-आज्यांनी रोजच्या जेवणात ठेवलाच होता. शेंगदाण्याची, तिळाची, कारळ्याची, जवसाची चटणी. बी आख्खी खाल्ली की तेलाबरोबर ई जीवनसत्त्व, जस्त, प्रथिनं सगळं एकत्र येतं.

नगर जिल्हा हा तेलबियांना परका मुलूख नाही. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्या. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे, आणि कोवळ्या पानांची भाजी व्हायची. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी शेतकरी खुरासणी पेरत आले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने सोलापूरच्या केंद्रातून 'भीमा', 'फुले कुसुमा' यांसारखी करडईची वाणं दिली. तरीही गेल्या तीस-चाळीस वर्षांत महाराष्ट्रातली करडई झपाट्याने मागे हटली. काटेरी पीक काढायला बायकांनीच हाताला चिंध्या बांधून जायचं, आणि भाव मात्र आयात तेलाने पाडायचा, तर पेरणार कोण? १९८६ मध्ये तेलबियांचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं तेव्हा देश तेलात स्वयंपूर्ण होण्याची भाषा होती. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली, आणि आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. घरात कुठलं तेल शिजणार हे आपल्या सुनेच्या किंवा सासूच्या हातात राहिलेलं नाही, ते बंदरावर ठरतं.

याच अकोल्याच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं राखलं, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांचे सत्कार केले. बियाणं राखणं म्हणजे शेवटी पुढच्या पिढीचं ताट राखणं, हे लक्षात घेऊन आपण आपल्या बांधावर किती ओळी पेरल्या?

धावणं आणि राबणं

आता व्यायाम. श्रम करताना स्नायू कितीतरी पट जास्त ऑक्सिजन वापरतात आणि फ्री रॅडिकलही जास्त तयार होतात. १९८२ मध्ये अमेरिकेत बर्कली इथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना पूर्ण दमेपर्यंत पळवलं. त्यांच्या स्नायूंत आणि यकृतात हे कण दुप्पट-तिप्पट झालेले आढळले. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्या उंदरांच्या खाण्यातून ई जीवनसत्त्व काढून टाकलं होतं, त्यांच्या पेशींची अवस्था न पळताच, पळून दमलेल्या उंदरांसारखी झाली होती. आणि पळायला लावल्यावर ते कितीतरी आधी थकले. थोडक्यात, अन्नाची उपासमार आणि श्रमाचा अतिरेक दोन्ही शरीराला एकाच जागी आणून सोडतात.

मग व्यायाम वाईट का? नाही. नियमित, झेपेल एवढा व्यायाम केला, आणि नंतर विश्रांती व अन्न मिळालं, तर शरीर त्या थोड्याशा उपद्रवातून शिकतं. स्वत:ची विकरं वाढवतं. राखण मजबूत होते. म्हणून व्यायाम करणारीचं शरीर व्यायाम न करणारीपेक्षा अधिक सज्ज असतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची : ही सज्जता व्यायामाच्या वेळी येत नाही, ती नंतरच्या विश्रांतीत घडते. झोपेत, बसून जेवताना, अंग सैल सोडल्यावर.

ऊसतोडीच्या बाईला ती वेळ कुठे असते? आपला जिल्हा या बाबतीत दोन्ही टोकांना आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून बायका तोडीला जातात. आणि त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, प्रवरा-गोदावरीच्या पाटपाण्यावर कारखाने उभे आहेत. त्यातला प्रवरेचा १९५० सालचा सहकारी साखर कारखाना तर इतिहासात नोंदला गेला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पहाटे अंधारात उठून भाकरी, मग तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीत चढवणं, कोपीवर परतून पाणी, सरपण, पुन्हा चूल. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कारण मजुरी जोडीची आणि टनावरची. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, तो याच व्यवस्थेतून.

या कामाला व्यायाम म्हणणं ही थट्टा आहे. आणि हे केवळ आपलं मत नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यू कमी दिसले. नोकरीच्या कामात अंगमेहनत जास्त असणाऱ्यांत ते जास्त दिसले. हालचाल दोन्हीकडे होती. फरक होता तो ती कधी थांबवायची हे कोण ठरवतं याचा. पोटभर जेवणाऱ्या, पगारी रजा मिळणाऱ्या देशात जर हे दिसतं, तर महाराष्ट्रात काय असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या फेरीत ते प्रमाण ४८ टक्के होतं. रक्तच कमी, लोहच कमी, त्यावर अंगमेहनत, त्यावर चुलीचा धूर. राखणदार उपाशी आणि चोरांची संख्या मात्र वाढलेली.

गोळी कोणासाठी

चिठ्ठीतली तिसरी सूचना कॅप्सूलची. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी व्यायाम करणाऱ्या निरोगी तरुणांना चार आठवडे क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्यात व्यायामाचा फायदाच दिसला नाही. त्यांच्या शरीराने स्वत:ची विकरं वाढवली नाहीत. बाहेरून राखणदार आणून बसवला की घरचा आळसावतो, असंच म्हणायचं. या प्रयोगातले सगळे पुरुष होते. १९९४ मध्ये फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. तेही सगळे पुरुष. बायकांवरचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. जवळजवळ चाळीस हजार बायकांनी दहा वर्षं एक दिवसाआड ई जीवनसत्त्व किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी घेतली. २००५ मध्ये निष्कर्ष आला की, कर्करोग किंवा हृदयविकार टाळण्यासाठी त्याचा एकंदरीत उपयोग दिसला नाही.

एक खबरदारी सांगते. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या आणि या 'अँटिऑक्सिडंट' कॅप्सूल यांची गल्लत करू नका. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, गरोदरपणात तर नक्कीच. माझा आक्षेप आहे तो रोगाशिवाय विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांना. त्या पैशांत महिनाभराचे शेंगदाणे आणि लिंबं येतात.

तेलाचा हिशोब

आता त्या बाईच्या दोन किलोंचा हिशोब मांडू. सात माणसं, तीस दिवस. माणशी रोज साडेनऊ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन चहाचे चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या बाईला रोज २० ग्रॅम आणि जड काम करणाऱ्या बाईला ३० ग्रॅम तेल सांगितलं आहे. जड काम करणारीला २,७०० हून अधिक कॅलरी लागतात, बैठं काम करणारीला १,६६० पुरतात. म्हणजे ज्या बाईला तेल कमी करायला सांगितलं, तिच्या वाट्याला गरजेच्या एक तृतीयांशही येत नाही. तेही सातांत समान वाटणी झाली असं धरून. घरात ती समान होत नाही, हे आपण जाणतोच. फोडणीवरचा तवंग आधी कोणाच्या ताटात जातो?

१९७२ च्या महागाईत आपल्या आधीच्या पिढीच्या बायका मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तेल हा चळवळीचा विषय होता. पुढे आपण हिंसाचार, हुंडा, मालमत्ता, आरक्षण यांवर लढलो, ते लढायलाच हवं होतं. पण तेलाची बाटली मोर्चातून कधी खाली पडली ते कळलंच नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, त्यात धान्य आलं. डाळ आणि तेल आलं नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत शिधा दिला, त्यात एक लिटर पामतेल होतं. एक लिटर तेल म्हणजे जड काम करणाऱ्या एकाच बाईची एका महिन्याची गरज. सणाला दिलेलं ते संबंध कुटुंबाला किती पुरणार?

कोणी म्हणेल, गावोगावी मधुमेह आणि रक्तदाब वाढतोय, आणि तुम्ही तेल मागता? हा प्रश्न रास्त आहे. एकाच गावात दुकानात दिवसभर बसणारी आणि वडे-भजी खाणारी बाई आहे, आणि शेजारी तोडीला जाणारी आहे. पहिलीने तेल कमी करायला हवं आणि चालायलाही हवं. पण तिला तरी मोकळेपणी चालता येतं का? संध्याकाळी एकटी बाई रिकाम्या हाताने रस्त्याने चालली तर चार जण विचारतात, कुठं निघाली? हातात घागर किंवा डोक्यावर भारा असेल तर कोणी विचारत नाही. बाईच्या हालचालीला कामाचं कारण लागतं, हीच खरी अडचण. एकीला विश्रांती नाही, दुसरीला मोकळीक नाही. चिठ्ठी मात्र दोघींना तीच.

म्हणून माझं म्हणणं असं. आरोग्य तपासणीत सल्ला देण्याआधी तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत : काम काय करता, झोप किती मिळते, ताटात काय असतं. रेशनवर दरमहा तेल आणि डाळ मिळाली पाहिजे, सणापुरती नको. करडई आणि खुरासणीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रही तालुक्यात हवं. तोडीच्या फडावर पाणी, सावली, पाळणाघर आणि दंडाशिवाय सुट्टी हवी. व्यायामाने काय होतं याचे प्रयोग करताना राबणाऱ्या बायकांच्या रक्ताचीही तपासणी व्हावी, त्यांच्या संमतीने, आणि निष्कर्ष त्यांना त्यांच्या भाषेत सांगून.

ज्या बचत गटांच्या मैत्रिणी तळणाचे पदार्थ करून विकतात, त्यांना एक विनंती. तेच तेल पुन:पुन्हा तापवू नका. तेलातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं. पण काळं, घट्ट, फेस येणारं, लवकर धुरावणारं तेल ओळखता येतं. त्याचा धूर आधी तळणारीच्या छातीत जातो, मग गिऱ्हाइकाच्या पोटात.

आणि एक काम लगेच करण्यासारखं. आपापल्या गावात दहा घरांचा तेलाचा हिशोब मांडा. महिन्याला किती येतं, कुठलं येतं, किती माणसांत, आणि कामाला जाणारी बाई कितव्या पंगतीला बसते. सोबत तिच्या झोपेचे तासही लिहा. पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन या. पुरवठा अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायला आपल्याकडे आपले स्वत:चे आकडे असू देत.